गुरूंची बदली होत नसते

८ मे २०२५ रोजी व्हॅटिकनमधील सिस्टाइन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि रॉबर्ट प्रीव्होस्ट हे अमेरिकन कार्डिनल 'लिओ चौदावे' या नावाने पोप झाले. अशा प्रसंगी मराठी वृत्तपत्रे आणि वाहिन्या यांच्या मदतीला एक ठरलेला शब्द धावून येतो. मतदान करणारे १३३ जण धर्मगुरू, निवडून आलेले सर्वोच्च धर्मगुरू, प्रतिक्रिया देणारे आर्चबिशप धर्मगुरू आणि कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये रविवारची प्रार्थना घेणारे फादर, तेही धर्मगुरूच. तोच शब्द दलाई लामांना, तोच मौलानांना आणि तोच शंकराचार्यांनाही. शब्द स्वस्त आहे, आदरयुक्त आहे, कोणाच्या भावना दुखावत नाही. बातमी वेळेत द्यायची असलेल्या उपसंपादकाला आणखी काय हवे असते?

परंतु या एका शब्दाने वाचकाच्या पदरात काय पडते आणि त्याच्यापासून काय लपते, याचा हिशेब कोणी करीत नाही. सेना दलाच्या बातमीत लान्सनायकापासून सरसेनापतीपर्यंत सर्वांना 'सैनिक' म्हटले तर ते खोटे ठरणार नाही, पण त्या बातमीतून सेना कशी चालते हे मात्र कधीच कळणार नाही. ख्रिस्ती धर्मसत्तेच्या बाबतीत मराठी वाचकाची नेमकी हीच स्थिती झाली आहे. तो तिच्याविषयी पुष्कळ वाचतो, पुष्कळ बोलतो, प्रसंगी तावातावाने वादही घालतो. पण बिशप म्हणजे कोण, तो कोणाला उत्तरदायी असतो आणि त्याला नेमतो कोण, हे विचारले तर गप्प होतो.

'गुरू' हा आपल्या भाषेतील अत्यंत भारलेला शब्द आहे. निवृत्तिनाथांनी ज्ञानेश्वरांना उपदेश केला तो कोणत्या नियुक्तिपत्राच्या आधारे? तुकोबांना तर गुरूंनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. दत्तात्रेयांनी जे चोवीस गुरू केले, त्यांत अजगर आहे आणि मधमाशीही आहे. गुरुत्व हे शिष्याच्या मान्यतेतून येते. ते वरून कोणी बहाल करीत नाही आणि काढूनही घेऊ शकत नाही. गुरूला कार्यक्षेत्र नसते, सेवानिवृत्तीचे वय नसते आणि मुख्य म्हणजे गुरूची बदली होत नसते.

बिशपची होते. वसई धर्मप्रांताची स्थापना १९९८ साली झाली आणि थॉमस डाबरे हे तेथील पहिले बिशप झाले. २००९ साली त्यांची नेमणूक पुण्याला झाली. यात वावगे काही नाही, कारण बिशपपद हे मुळातच पद आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या संहितेनुसार बिशपने वयाची ७५ वर्षे पूर्ण होताच पोपकडे राजीनामा सादर करावयाचा असतो. त्याच्या धर्मप्रांताच्या सीमा नकाशावर आखलेल्या असतात आणि त्या सीमेपलीकडे त्याचा अधिकार चालत नाही. ठरावीक वर्षांनी त्याला आपल्या प्रांताचा अहवाल रोमला द्यावा लागतो. नव्या बिशपच्या नेमणुकीची वेळ येते तेव्हा पोपचा त्या देशातील राजदूत गोपनीय चौकशी करून सामान्यतः तीन नावांची यादी रोमला पाठवितो. भारताचे व्हॅटिकनशी राजनैतिक संबंध १९४८ पासून आहेत, त्यामुळे असा राजदूत दिल्लीतही असतो. नियुक्ती, कार्यक्षेत्र, अहवाल, बदली, निवृत्ती ही सारी शब्दावली कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याच्या सेवापुस्तकात शोभेल अशी आहे. तिच्यावर 'गुरू' या शब्दाची शाल पांघरली की शाल तेवढी दिसते, आतील रचना दिसेनाशी होते.

शब्दाचे घराणे

'बिशप' या शब्दाची कुळकथा मोठी रंजक आहे, आणि आपल्याला अगदीच परकी नाही. मूळ ग्रीक शब्द 'एपिस्कोपोस'. 'एपि' म्हणजे वर आणि 'स्कोपोस' म्हणजे पाहणारा. वरून लक्ष ठेवणारा. ख्रिस्ती धर्माच्या जन्मापूर्वी साडेचारशे वर्षे अथेन्सचे साम्राज्य आपल्या अंकित नगरांवर देखरेखीसाठी जे निरीक्षक धाडीत असे, त्यांना हेच नाव होते. ग्रीक 'स्कोप' आणि संस्कृत 'स्पश्' हे भाषाशास्त्रज्ञांच्या मते एकाच धातुकुळातील. 'स्पश्' म्हणजे पाहणे. त्यातूनच आपला 'स्पष्ट' आला आणि हेर या अर्थाचा 'स्पश'ही आला. तेव्हा ज्या बिशपविषयी मराठीत सारे अस्पष्ट लिहिले जाते, त्याचे नाव मुळात 'स्पष्ट' या शब्दाचा लांबचा भाऊ आहे!

या ग्रीक शब्दाला संस्कृतात इतका नेमका प्रतिशब्द आहे की जणू एकाच साच्यातून दोन्ही काढावेत. तो शब्द म्हणजे 'अध्यक्ष'. अधि म्हणजे वर, अक्ष म्हणजे डोळा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे दुसरे अधिकरण 'अध्यक्षप्रचार' याच नावाचे आहे. त्यात सुवर्णाध्यक्ष आहे, नावध्यक्ष आहे, गाईगुरांवर देखरेख करणारा गोऽध्यक्षही आहे. अथेन्सचे निरीक्षक आणि पाटलिपुत्राचे अध्यक्ष हे समव्यवसायी होते. बायबलच्या मराठी भाषांतरकारांना हे नक्कीच ठाऊक होते, कारण मराठी बायबलमध्ये या ग्रीक शब्दासाठी 'अध्यक्ष' हाच शब्द योजलेला आहे. भाषांतर म्हणून याहून चोख काही सुचणे कठीण. हिंदीत चर्चने त्याला 'धर्म' जोडून 'धर्माध्यक्ष' केले आणि आर्चबिशपला 'महाधर्माध्यक्ष'. प्राचीन संस्कृतात मात्र धर्माध्यक्ष म्हणजे न्यायदानाचा अधिकारी, हे हिंदी वाचकांच्या आज ध्यानीही नसेल.

मराठीत 'अध्यक्ष' टिकला नाही. पतपेढीपासून साहित्य संमेलनापर्यंत आपल्याकडे अध्यक्षांचा इतका सुकाळ झाला की त्या शब्दातील डोळा मिटून गेला आणि खुर्ची तेवढी उरली. शिवाय आपला अध्यक्ष निवडून येतो, निदान तशी समजूत असते.

बिशपच्या वरची पदे पाहिली तर तीही अशीच राज्यकारभाराच्या कचेरीतून आलेली दिसतात. इंग्रजीत धर्मप्रांताला जो 'डायोसीज' शब्द आहे, तो तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट डायोक्लेशियनच्या काळी रोमन साम्राज्याची जी नवी विभागणी झाली तिच्यातला. अनेक प्रांत मिळून एक डायोसीज आणि त्यावरचा अधिकारी 'व्हिकारियुस'. साम्राज्य लयाला गेले. पण हा अधिकारी टिकला. गोव्याच्या कोणत्याही खेड्यात जाऊन चर्चचा प्रमुख कोण असे विचारले तर उत्तर येईल, 'विगार'. डायोक्लेशियनचा तो अधिकारी पोर्तुगीज गलबतात बसून मांडवीच्या काठी उतरला, असे म्हणावयास हरकत नाही. 'कार्डिनल' हा लॅटिन 'कार्डो'पासून आला. कार्डो म्हणजे दाराची बिजागरी. ज्यांच्यावर दार फिरते ते कार्डिनल. पोपच्या निवडीच्या वेळी या उपमेचा प्रत्यय येतोच. आणि पोपच्या बिरुदांपैकी 'पोंटिफेक्स मॅक्सिमस' हे तर ख्रिस्तपूर्व रोमच्या देवधर्माच्या मुख्य पुरोहिताचे पद. ज्युलियस सीझरने ते इ.स.पू. ६३ मध्ये निवडणूक लढवून मिळविले होते. मूर्तिपूजा हे ज्यांच्या लेखी महापाप, त्यांच्या सर्वोच्च आचार्याने मूर्तिपूजकांच्या महापुरोहिताचे बिरुद मिरवावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

त्या मानाने 'पोप' हा शब्द घरगुती. ग्रीक 'पप्पास' म्हणजे बाबा. आरंभीच्या शतकांत तो अनेक बिशपांना लावला जाई. अलेक्झांड्रियाचा प्रमुख आजही पोपच म्हणवितो. १०७५ च्या सुमारास सातव्या ग्रेगरीने हे नाव जगात एकमेव असल्याचा दावा दप्तरी नोंदविला. बाबा या हाकेवर मक्तेदारी सांगण्याचा हा पहिलाच लेखी प्रयत्न असावा. कोकणीत पोपला 'पाप सायब' म्हणतात. मराठी वाचकाने दचकण्याचे कारण नाही. हा 'पाप' पोर्तुगीज 'पापा'चा वारस आहे.

लोकांनी ओळखले होते

ही सारी पदे भारतात आली तेव्हा येथील सामान्य माणसाने त्यांना काय म्हटले? त्याने त्यांना गुरू म्हटले नाही. पोर्तुगीज 'पाद्रे'चा त्याने पाद्री केला, 'इग्रेजा'ची इगर्ज केली, 'आर्सेबिश्पो'चा आर्सेबिस्प. जी वस्तू परकी, तिचे नाव परकेच राहू द्यावे, जिभेला सोसेल तेवढे घासून घ्यावे, हा भाषेचा निरोगी व्यवहार होता. टेबल, बटाटा, चावी हे शब्द जसे आले तसेच हे आले.

कंपनी सरकारच्या काळात याहून मार्मिक घटना घडली. १८१३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानासाठी एक अँग्लिकन बिशप आणि तीन आर्चडीकन नेमण्याची तरतूद झाली. बिशपचा पगार वर्षाला पाच हजार पौंड ठरला आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावयाचा होता. येथील शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून त्याला परक्या असलेल्या धर्मसंस्थेचा प्रमुख पोसला जाणार होता. १८१४ साली थॉमस मिडलटन हे पहिले बिशप म्हणून कलकत्त्यास आले. मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला तो १८३७ मध्ये. या नव्या प्राण्याला काय म्हणावे, असा प्रश्न चपराशी-खानसाम्यांना पडला. त्यांना गव्हर्नर जनरल ठाऊक होता, तो 'लाटसाहेब'. सरसेनापती ठाऊक होता, तो 'जंगी लाट'. त्यांनी बिशपला नाव दिले 'लाट पाद्री'. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची नोंद आहे. मिडलटननंतरचे बिशप हेबर १८२४-२५ मध्ये उत्तर हिंदुस्थानातून प्रवास करीत मुंबईपर्यंत आले. गव्हर्नर जनरलखेरीज आणखी कोणी 'लाट' असू शकतो, हे वाटेत भेटलेल्या एका माणसाला पटेना, ही हकीकत हेबर यांनीच लिहून ठेवली आहे.

त्या निरक्षर खानसाम्यांना धर्मशास्त्र ठाऊक नव्हते, ग्रीक तर नव्हतेच. पण माणूस पाहून त्यांनी अचूक ओळखले की हा पाद्री असला तरी आधी लाट आहे. याला सरकार पगार देते, हा सलामी घेतो, हा कारभारी आहे. लाट म्हणजे लॉर्ड, आणि इंग्लंडच्या उमराव सभागृहात आजही २६ बिशप पदसिद्ध सदस्य म्हणून बसण्याची प्रथा चालू आहे, हे लक्षात घेता त्यांचे भाषांतर शब्दशः बरोबर होते. हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले ते १९३० मध्ये. आजचा पदवीधर उपसंपादक जे धूसर करतो, ते दोनशे वर्षांपूर्वीच्या नोकरचाकरांना लख्ख दिसत होते.

पदामागे सत्ता असते आणि सत्तेमागे नेमणारा असतो, याचे आणखी एक उदाहरण आपल्या दाराशीच घडलेले आहे. गोव्यातील दिवाडी बेटावर एका ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती घराण्यात मातेउश द कास्त्रो नावाचा मुलगा जन्मला. त्याला पाद्री व्हावयाचे होते. गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपने नकार दिला. तो रोमला गेला. तेथे १६२२ साली पोप पंधराव्या ग्रेगरीने परदेशांतील धर्मप्रसारासाठी 'प्रोपगांडा फीदे' हे खाते स्थापन केले होते. ('प्रोपगंडा' हा आज सर्व राजकीय पक्षांना प्रिय असलेला शब्द या खात्याचेच अपत्य.) कास्त्रो तेथे शिकला, पाद्री झाला आणि परतला, तर गोव्यात त्याच्या कागदपत्रांवरच शंका घेण्यात आली. तो पुन्हा रोमला गेला. १६३७ साली त्याला बिशप करण्यात आले.

कुठला बिशप? गोव्याचा नव्हे, ते पोर्तुगालच्या राजाचे संरक्षित कुरण होते आणि तेथील बिशप राजाच्या शिफारशीने नेमले जात. कास्त्रोला मिळाले ख्रायसोपोलिस या ख्रिस्ती सत्ता लयाला गेलेल्या प्राचीन नगराचे नाममात्र बिशपपद आणि काम मिळाले विजापूरच्या आदिलशाही मुलखातले. डिचोलीला त्याचे ठाणे होते. अशा नाममात्र बिशपांच्या पदनामापुढे रोमच्या दप्तरात एक लॅटिन शेपूट जोडले जाई: 'इन पार्तिबुस इन्फिदेलियुम', म्हणजे श्रद्धाहीनांच्या प्रदेशांतील. १८८२ साली तेराव्या लिओच्या कारकिर्दीत हा शब्दप्रयोग मागे घेण्यात आला. साहाय्यक बिशपांना अशाच लुप्त नगरांची नावे देण्याचा प्रघात मात्र आजही आहे.

शिवछत्रपतींच्या बालपणी विजापूरच्या मुलखात वावरणाऱ्या या पहिल्या देशी लॅटिन बिशपची कथा हिंदू वाचकाने जरूर अभ्यासावी. आपल्याच धर्मबांधवांनी त्याला रंगावरून आणि जन्मावरून नाकारले. पुढे १६५३ मध्ये त्याने पोर्तुगीजांविरुद्ध गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्तींना चेतविणारे पत्रक लिहिले. त्याच वर्षी केरळात मट्टनचेरी येथे सिरियन ख्रिस्तींनी पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांची सत्ता झुगारण्याची शपथ घेतली. अवघ्या चौपन्न वर्षांपूर्वी, १५९९ मध्ये, गोव्याचे आर्चबिशप मेनेझेस यांनी उदयंपेरूर येथे सभा भरवून त्या लोकांच्या सिरियाक ग्रंथांना आग लावण्याचा मार्ग मोकळा केला होता. या दोन्ही ठिकाणी भांडण येशूच्या शिकवणुकीवरून नव्हते. बिशप कोण आणि त्याला नेमणार कोण, यावरून होते.

मुंबईत तर हे भांडण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालले. १७९४ पासून १९२८ पर्यंत या एका बेटावर दोन धर्मसत्ता नांदत होत्या. एक पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाची, दुसरी रोमच्या प्रोपगांडा खात्याची. एकाच गल्लीतील दोन कुटुंबे दोन वेगळ्या बिशपांच्या हुकमतीत असत. १९२८ मध्ये तोड निघाली ती अशी की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा इंग्रज असावा. भारतीय नको, हे कोणी लिहिले नव्हते. लिहिण्याची गरजच नव्हती. देश स्वतंत्र झाल्यानंतर तीन वर्षांनी, १९५० मध्ये, व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ साली ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. हा सारा इतिहास 'धर्मगुरू' या शब्दाच्या पोटात गडप होतो. गुरू आळीपाळीने पोर्तुगीज आणि इंग्रज असतो काय?

स्वामी आणि परमस्वामी

आता दुसरी बाजू. वसईच्या मराठी कॅथलिक समाजाने आपल्या उपासनेच्या भाषेत स्वतःची शब्दावली घडविली आहे. तेथे डायोसीज हा 'धर्मप्रांत' आहे, पॅरिश 'धर्मग्राम', बिशप 'महागुरुस्वामी' आणि पोप 'परमगुरुस्वामी'. चर्चचे थोर प्राचीन भाष्यकार 'धर्मपंडित' होतात. हे शब्द ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या चढतात. मठातील वस्त्रे चोरून दुसऱ्याने परिधान केल्यासारखे त्यांना वाटते, आणि या शंकेला इतिहासाचा आधार नाही असेही नाही. रॉबर्ट द नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ साली मदुरेस पोहोचला, त्याने संन्याशाची वस्त्रे धारण केली आणि तमिळ ब्राह्मणांच्या चालीरीती उचलल्या. १६२३ मध्ये रोमने त्याच्या पद्धतीस मर्यादित मान्यताही दिली. भाषा आणि वेष हे त्याच्यासाठी साधन होते आणि साध्य त्याने कधी लपविले नव्हते. जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ च्या नोव्हेंबरात दिल्लीत येऊन तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे पीक कापण्याची आकांक्षा जाहीरपणे बोलून दाखविली, तेव्हा तर अनेकांच्या मनातील ही शंका पक्की झाली.

तरीही येथे एक विवेक राखला पाहिजे. वसईचा कुपारी वा कोळी ख्रिस्ती मराठीच बोलतो. त्याने आपल्या बिशपला आपल्या मायबोलीत हाक मारू नये आणि लॅटिनमध्येच मारावी, असा आग्रह धरणे हे मराठीवरच अन्याय करणारे आहे. फादर स्टीफन्सने १६१६ च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला निःसंकोचपणे वैकुंठ म्हटले म्हणून वैकुंठाचे काही उणे झाले नाही. मराठीला एक ग्रंथ मिळाला. बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ग्रीक 'एपिस्कोपोस'चा खरा मराठी प्रतिशब्द 'अध्यक्ष' असल्याने, चर्चने ज्यांना कधी बिशप केले नाही त्यांना मराठी साहित्यिकांनी करून टाकले, असे कोणी विनोदाने म्हणू शकेल.

भक्ताने आपल्या देव्हाऱ्यात काय म्हणावे, हा त्याचा प्रश्न. वृत्तपत्राने, पाठ्यपुस्तकाने आणि शासकीय कागदाने काय म्हणावे, हा सर्वांचा प्रश्न आहे. 'महागुरुस्वामी' हा श्रद्धेचा शब्द आहे. 'बिशप' हा पदाचा. वसईच्या घरांतही रोजच्या बोलण्यात 'बिशप' आणि 'फादर' हेच शब्द ऐकू येतात, हे विशेष.

केरळ आणि तमिळनाडू यांनी हा प्रश्न अधिक हुशारीने सोडविला आहे. मल्याळमध्ये सिरियाकमधून आलेला 'मेत्रान' आहे, 'मेत्रापोलीत्ता' आहे. पद ऐकताच दर्जा कळतो. आदराने हाक मारताना 'तिरुमेनी' म्हणतात, जो शब्द नंबुद्री ब्राह्मणांना आणि राजांनाही लावला जातो. पण ती हाक झाली, पदनाम नव्हे. तमिळमध्ये बिशपला 'आयर' म्हणतात, म्हणजे मेंढपाळ, आणि आर्चबिशपला 'पेरायर', थोरला मेंढपाळ. बिशपच्या हातातील वाकड्या मुठीची काठी ही धनगराचीच काठी असल्याने तमिळ शब्द मुळाला धरून आहे. मराठीत आर्चबिशपला थोरला धनगर म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, आणि करू नये. (बुद्धिबळात मात्र इंग्रज ज्याला बिशप म्हणतात त्याला आपण खुशाल उंट म्हणतो.)

या सरमिसळीचा तोटा हिंदूंनाही कमी झालेला नाही. दयानंद सरस्वतींनी 'सत्यार्थप्रकाशा'त दांभिक पुरोहितांना 'पोप' हे नाव दिले आणि त्यांच्या उद्योगांना 'पोपलीला'. स्वामीजींचा हेतू समाजसुधारणेचा होता आणि प्रहार नेमका होता. पण पुढे इंग्रजी पत्रकारांनी शंकराचार्यांना 'हिंदूंचे पोप' म्हणावयास सुरुवात केली, तेव्हा त्या एका शब्दाने हिंदू धर्माला नसलेले शिखर बहाल केले. शंकराचार्यांचा आदेश काशीच्या शैवाला, पंढरीच्या वारकऱ्याला आणि आर्यसमाजी गृहस्थाला सारखाच बंधनकारक असतो, असा गैरसमज यातून पसरला. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाही 'धार्मिक संप्रदाय' म्हणजे काय हे ठरविण्यासाठी इंग्रजी शब्दकोशाचा आधार घ्यावा लागला. मठाधिपती हा केवळ व्यवस्थापक नव्हे, त्याच्या ठायी पद आणि मालकी यांचे मिश्रण असते, हे न्यायमूर्तींना तपशिलाने समजावून सांगावे लागले. महंताला व्यवस्थापक समजणे आणि बिशपला गुरू समजणे या एकाच गोंधळाच्या दोन टोकांच्या चुका आहेत.

कायद्याच्या दृष्टीनेही हा काथ्याकूट निरर्थक नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. ख्रिस्ती विवाह कोण लावू शकतो याची यादी देताना त्याच्या पाचव्या कलमात सर्वप्रथम येतो तो बिशपच्या हस्ते दीक्षा मिळालेला पाद्री. मग स्कॉटलंडच्या चर्चचे, मग परवानाधारक. म्हणजे एका विवाहाची वैधता बिशपच्या हातापर्यंत जाऊन पोहोचू शकते. तेथे 'धर्मगुरू' लिहून भागत नाही.

सर्व बिशपही एका माळेचे मणी नाहीत. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे बिशप त्या संस्थेच्या स्वतःच्या घटनेनुसार निवडले जातात. त्यांचा पोपशी काडीचा संबंध नाही. केरळच्या सिरो-मलबार चर्चचे बिशप पोपला मानतात, पण केरळातील धर्मप्रांतांसाठी त्यांची निवड त्यांचीच धर्मसभा करते. देशातील बहुतेक लॅटिन धर्मप्रांतांच्या बिशपांची निवड मात्र रोममधील धर्मप्रसार खात्यामार्फत होते. १६२२ च्या त्या प्रोपगांडा खात्याचेच ते आजचे रूप; १९६७ आणि २०२२ मध्ये नाव बदलले, फेररचना झाली, काम तेच राहिले. चीनच्या साम्यवादी राजवटीने हे मर्म केव्हाच ओळखले. २०१८ साली तिने व्हॅटिकनशी करार केला तो प्रार्थनेच्या भाषेविषयी नव्हे, बिशपांच्या नियुक्तीविषयी. २०२४ मध्ये तो आणखी चार वर्षांसाठी वाढविला गेला. आपला देश लोकशाहीवादी आहे, त्याने चीनचे अनुकरण करू नये. पण बीजिंगला जे कळते ते निदान मुंबईच्या वृत्तकक्षाला कळावयास काय हरकत आहे?

उपाय अवघड नाही. रस्त्यावरच्या चर्चमधील धर्मोपदेशकाला फादर किंवा पाद्री म्हणावे. त्यात अवमान नाही, तो चारशे वर्षांचा मराठी शब्द आहे. बिशपला बिशप म्हणावे आणि तो कोणत्या चर्चचा, कोणत्या धर्मप्रांताचा हे लिहावे. आर्चबिशपला आर्चबिशप, कार्डिनलला कार्डिनल, पोपला पोप म्हणावे. नव्या नेमणुकीच्या बातमीत नेमणूक कोणी केली याचे एक वाक्य असावे, जसे न्यायाधीशांच्या वा कुलगुरूंच्या बातमीत असते. आदर हवाच, तर तो क्रियापदाच्या अनेकवचनात पुरेसा मावतो.

२०२५ च्या त्या निवडणुकीत मत देणाऱ्या चार भारतीयांपैकी एक गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव होते. त्यांच्या नावामागे तीन पदे आहेत. ते गोवा आणि दमणचे आर्चबिशप आहेत. हा अधिकार १५३४ साली गोव्यात बिशपपीठ स्थापन झाले आणि १५५७ साली त्याला बढती मिळाली तेव्हापासूनचा. ते 'पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क' आहेत. हे बिरुद १८८६ च्या पोर्तुगाल-व्हॅटिकन कराराने गोव्याच्या आर्चबिशपांना मिळाले, पोर्तुगालचे हिंदुस्थानातील संरक्षकत्व आक्रसले त्याची एक प्रकारची नुकसानभरपाई म्हणून. आणि २०२२ पासून ते कार्डिनल आहेत, म्हणून त्यांना मत होते. एक पद पोर्तुगीज विजयाचे, दुसरे पोर्तुगीज माघारीचे आणि तिसरे स्वतंत्र भारतातल्या चर्चच्या वाढत्या वजनाचे. मराठी बातमीत त्या तिघांची जागा एकाच शब्दाने घेतली: गोव्याचे धर्मगुरू.